उतारावर बंद केलेली मोटर

शहाद्याच्या स्टँडवर धडगावच्या जिपा जिथे लागतात, तिथे मागच्या वर्षी सुपडूला सगळे ‘पायलटचा बाप’ म्हणत. आता म्हणत नाहीत. ही ड्रायव्हर मंडळी म्हणजे जिभेला हाड नसलेली जमात. कोणाच्या मेलेल्या सासूलाही थट्टेतून सोडायची नाहीत. पण या एका गोष्टीवर सगळ्यांनी न ठरवता तोंड मिटलंय. सुपडूला ती थट्टा परवडली असती, हे मिटलेलं तोंड परवडत नाही. तो आपला गाडीच्या बॉनेटला टेकून उभा राहतो आणि ‘धडगाव, धडगाव’ असं ओरडतो, तेही पूर्वीपेक्षा हळू.

सुपडू तापीकाठच्या पाटलांच्या घरातला, तीन भावांतला धाकटा. थोरल्या दोघांनी केळी-पपई केली, विहिरी बांधल्या, सोसायटीत पदं घेतली. याला मात्र लहानपणापासून स्टिअरिंगचं वेड. वाटणीची जमीन भावांना कसायला देऊन त्याने जीप घेतली, तेव्हा घरात एकाने बोलणं सोडलं आणि दुसऱ्याने नको इतकं सुरू केलं. पाटलाचा पोरगा सवाऱ्या वाहणार, म्हणजे नाकच गेलं की! सुपडू म्हणाला, नाक गेलं तरी श्वास घेता येतो. सत्तावीस वर्षं झाली या गोष्टीला. म्हसावद सोडलं की सातपुडा समोर येतो, घाट सुरू होतो, आणि त्या घाटातल्या प्रत्येक वळणावर कुठे दगड निसटतो, कुठे शेळ्या आडव्या येतात, हे त्याला पाठ आहे.

हा घाट त्याला शिकवला धडगावच्या फत्तेसिंगने. फत्तेसिंग त्या रस्त्यावरचा सगळ्यात जुना ड्रायव्हर. त्याने सुपडूला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली म्हणजे, येताना उतार लागला की गाडी न्यूट्रलला टाकायची आणि किल्ली फिरवून इंजिन बंद करायचं. आठ-नऊ किलोमीटर गाडी आपल्या वजनाने उतरते, डिझेल वाचतं. पुस्तकात हे पाप आहे. बंद गाडीचा ब्रेक दोन-तीनदा दाबला की दगड होतो, हे फत्तेसिंगला माहीत होतं, सुपडूलाही माहीत होतं. पण त्या रस्त्यावर उताराला इंजिन चालू ठेवणाऱ्या ड्रायव्हरला नवशिका म्हणायची रीत होती, आणि नवशिका म्हणवून घ्यायला कोण तयार होणार?

दुसरी गोष्ट साहेबांसमोर बोलायची. गाडी धडकली, घसरली, नाल्यात गेली, काहीही झालं तरी एकच सांगायचं: ब्रेक फेल. झोप लागली होती, फोनवर बोलत होतो, सवाऱ्या जास्त भरल्या होत्या, यातलं काही नाही. ब्रेक फेल. स्टँडवरचा प्रत्येक जण आयुष्यात एकदा तरी हे म्हणालेला. लिहून घेणाऱ्यालाही ते माहीत असायचं, तो मुकाट लिहून घ्यायचा. यंत्रावर ढकललं की माणसं सुटतात. सुपडू स्वतः एकदा असाच सुटला होता. दराफाट्याच्या पुढे त्याची जीप एका बैलगाडीला घासली, तेव्हा इंजिन बंद होतं आणि ब्रेक लागला नव्हता. सगळ्या स्टँडने एका सुरात सांगितलं, ब्रेक फेल. म्हटलं तर खोटं, म्हटलं तर खरंही. त्या बैलगाडीवाल्याला त्याने नंतर घरी जाऊन जू करून दिलं, आणि विषय मिटला.

सुपडूला एकच मुलगी, रुपा. शाळेला सुट्टी असली की ती बापाबरोबर पुढच्या सीटवर बसून धडगावला जायची. जाताना झोपायची आणि येताना उतार सुरू झाला की डोळे टक्क उघडायची. इंजिन बंद झालं की गाडीतली सगळी खडखड एकदम थांबते, नुसता वारा ऐकू येतो, खाली दरीत सागाची झाडं आणि पुढे तापीपर्यंत पसरलेला सपाट मुलूख. चढताना बोलणाऱ्या सवाऱ्याही तिथे गप्प होतात. रुपा म्हणायची, "आबा, आते बंद करा. आते उडू." आणि सुपडू, घाट अजून पुरता सुरूही झालेला नसताना, लेकीसाठी किल्ली फिरवायचा. हा किस्सा त्याने नंतर इतक्यांदा सांगितला की बायको प्रमिलाबाई पुढचं वाक्य आधीच म्हणून टाकायची. आज त्याला विचारलं तर तो हा किस्सा सांगत नाही.

रुपा बारावीला गणितात पैकीच्या पैकी घेऊन आली त्याच वर्षी तापीकाठच्या माळावर विमान चालवायला शिकवणारी एक शाळा निघाली. शाळेची विमानं बॅटरीवरची. दोन माणसांची, पांढरी, लांब पंखांची. नुकतीच जीप धुऊन ठेवावी तशी स्वच्छ. चार्जरची जाड केबल पोटाला लावायची, तास-दीड तास थांबायचं आणि मग पाऊण तास उडायचं. पेट्रोल लागत नाही म्हणून शिकवणं स्वस्त, आणि स्वस्त म्हणून शाळेने ठरवलं की जिल्ह्यातली बारा मुलं परीक्षा घेऊन जवळजवळ फुकटात शिकवायची. साडेपाचशे मुलं परीक्षेला बसली. रुपा चौथी आली. थोरल्या भावाने, ज्याने सत्तावीस वर्षांपूर्वी बोलणं सोडलं होतं, त्याने पेढे वाटले.

सुपडूला त्या विमानाचं काही कळायचं नाही आणि कळत नाही हे कबूल करणं त्याच्या स्वभावात नव्हतं. स्टँडवर तो सांगायचा, "गाडी तीच शे भो, फक्त चाक वर लई जातंस." शाळेतल्या ललित सरांनी एकदा पालकांना विमान दाखवलं. ललित सर रुपाचे शिक्षक, तिच्या शेजारच्या सीटवर बसून उडणारे. त्यांनी सांगितलं की जमिनीवर विमान उभं असलं की पंखाही थांबलेला असतो, आवाज नसतो, म्हणून चालू आहे की बंद हे दिव्यावरूनच ओळखायचं. उरलेला चार्ज टक्क्यांत समोर दिसतो. तीस टक्के उरायच्या आत चाकं जमिनीला लागलीच पाहिजेत, हा शाळेचा नियम. सुपडूने मान डोलावली आणि परतताना रुपाला सांगितलं, "मंग चार्ज वाचाडत जाय. डिझेल काय, चार्ज काय, एकच बात शे." रुपा हसली. आपण त्या दिवशी काय बोललो हे सुपडूला आता शब्दाशब्दासकट आठवतं.

डिसेंबरात रुपा पहिल्यांदा एकटी उडाली. ललित सर खाली उतरले, दार लावलं आणि बाजूला झाले. विमान उठलं, एक फेरी मारून आलं आणि उतरलं. शाळेच्या रीतीप्रमाणे बाकीच्या मुलांनी तिच्या डोक्यावर बादलीभर थंड पाणी ओतलं. ती कुडकुडत होती आणि हसत होती. सुपडूने आपलं उपरणं काढून तिचं डोकं पुसलं, जसं ती चार वर्षांची असताना पुसायचा. त्या दिवशी त्याने धडगावच्या दोन फेऱ्या बुडवल्या आणि स्टँडवर सगळ्यांना चहा पाजला. ‘पायलटचा बाप’ हे नाव त्याच संध्याकाळी पडलं.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमारास, सुपडू स्टँडवर सवाऱ्या भरत होता तेव्हा रुपाचा फोन आला. तिला धाप लागली होती. ती विमानाजवळ उभी होती, धावपट्टीच्या अलीकडच्या एका हरभऱ्याच्या शेतात. विमानाचं पुढचं चाक मोडलं होतं. शाळेची गाडी बांधाबांधाने वळसा घेत तिच्याकडे येत होती, अजून दोन शेतं लांब होती.

"आबा, मी मोटर बंद करी टाकी," ती म्हणाली. "उतरतांना. तुम्हीन घाटमा करतस ना, तशी."

झालं होतं ते असं. ती एकटी नदीवर सरावाला गेली होती. परतताना समोरून वारा लागला आणि चार्ज भराभर उतरला. छत्तीस टक्के. तिसाच्या खाली गेलं तर कागद भरावा लागणार, सर बोलणार. उंची भरपूर होती, धावपट्टी समोर दिसत होती, आता फक्त उतरायचं होतं. आणि उतार समोर दिसल्यावर या पोरीच्या हाताने जे लहानपणापासून पाहिलं होतं ते केलं. पॉवरचा दांडा पूर्ण मागे ओढलेला होताच. वर तिने मोटरचं बटणही बंद केलं. खाली येता येता वाऱ्याने विमान धावपट्टीच्या अलीकडेच उतरू लागलं. तिने बटण पुन्हा चालू केलं, पण ती मोटर बटण दाबताच जोर देत नाही, आधी स्वतःला तपासते, काही सेकंद घेते. तेवढ्यात हरभरा आला.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट सुपडूला पुढे ललित सरांकडून कळली. जीपचं इंजिन उभ्या उभ्याही डिझेल खातं, म्हणून बंद केलं तर वाचतं. या मोटरीचा दांडा मागे ओढला की ती काहीच खात नाही. बंद करून वाचणार होतं शून्य! विमान शिकणाऱ्या दुसऱ्या कुठल्याच पोराच्या डोक्यात हे आलं नसतं, कारण दुसऱ्या कुठल्या पोराचा बाप घाटात किल्ली फिरवत नव्हता.

पण फोनवर त्याला हे माहीत नव्हतं. त्याला एवढंच कळलं की गाडी ठोकली आहे आणि साहेब येत आहेत. सत्तावीस वर्षांचा ड्रायव्हर जागा झाला.

"तुले लागनं का?"

"नही."

"कोनी देखं का, तू बटण दाबतांना?"

"कोन देखी? मी एकलीच व्हती."

"मंग सांग, मोटर आपोआप बंद पडनी. दुसरं काही बोलू नको."

"पन आबा…"

"पन-बिन काही नही. मशीनले जीभ शे का?"

तिकडे गाडीचा आवाज आला आणि फोन बंद झाला. सुपडूने सवाऱ्या भरल्या आणि तो धडगावला निघाला. लेकीला आपण वेळेवर सावरलं, असंच त्याला वाटत होतं. खोटं कशाला सांगा, थोडा अभिमानही वाटत होता.

रुपाने बापाचं ऐकलं. ललित सरांनी शेतातच विचारलं, काय झालं? ती म्हणाली, मोटर आपोआप बंद पडली. आता शाळेच्या जागी दुसरं कोणी असतं तर लिहून घेतलं असतं आणि चाक बदललं असतं. पण विमानाची मोटर हवेत आपोआप बंद पडते, ही लहान गोष्ट नव्हती. त्याच जातीचं दुसरं विमानही त्याच दुपारी शेडमध्ये उभं केलं. बाराही मुलांचं उडणं थांबलं. बनवणाऱ्या कंपनीला कळवलं, त्यांचा इंजिनियर यायला निघाला. जी दोन मुलं त्या आठवड्यात एकटी उडणार होती, त्यांची तारीख गेली. जीपच्या ब्रेक फेलने कधी दुसऱ्याची जीप थांबत नाही. सुपडूच्या हिशेबात हे बसतच नव्हतं.

पाचव्या दिवशी रुपाचा फोन आला. ती शाळेच्या वसतिगृहात राहायची.

"आबा, मी खरं सांगी देऊ का? मन्हामुळे बठ्ठास्नं उडनं बंद शे. ललित सर रोज मोटर खोलीसन बठतंस. माले देखवत नही."

 त्या वेळी सुपडू म्हसावदला पंक्चर काढत होता, हाताला काळं लागलेलं, फोन खांद्यात धरलेला. त्याला वाटलं, पोर घाबरली आहे, घाबरलेला माणूस पहिल्या जबाबावर टिकत नाही आणि तिथेच फसतो.

"आते बदलशी ते दोन गुन्हा व्हतीन," तो म्हणाला. "गप ऱ्हाय. आठ दिवसमा बठ्ठं थंड व्हई जाई."

अकराव्या दिवशी कंपनीचा इंजिनियर आला आणि त्याने विमानाला एक वायर जोडून लॅपटॉप उघडला. ते विमान सगळं लिहून ठेवतं: दांडा कितीवर, चार्ज किती, उंची किती, कुठलं बटण कोणत्या सेकंदाला दाबलं. बटण बंद: दहा वाजून चार मिनिटं, सोळा सेकंद. बटण चालू: दहा वाजून पाच मिनिटं, एक्कावन्न सेकंद. मशीनला जीभ नव्हती, पण तिच्याकडे वही होती. सुपडूला आपल्या सगळ्या हुशारीसकट हे कुठून माहीत असणार? रुपाला मात्र माहीत असायला हवं होतं. वर्गात शिकवलं होतं तिला. पण बापाचा आवाज आणि वर्गातला धडा यांत त्या हरभऱ्याच्या शेतात बापाचा आवाज जवळचा होता.

शाळेने पालकाला घेऊन यायला सांगितलं. शाळेच्या प्रमुख म्हणजे कॅप्टन मॅडम, पिकलेल्या आखूड केसांच्या, कमी बोलणाऱ्या. टेबलाच्या एका बाजूला त्या आणि ललित सर, दुसऱ्या बाजूला रुपा, आणि तिच्या शेजारी सुपडू, इस्त्रीचा शर्ट घालून, पायतण दाराबाहेर काढून. मॅडमनी बटणाच्या वेळा छापलेला कागद रुपासमोर सरकवला. रुपाने वाचला आणि मान खाली घातली.

"मोटर तू बंद केलीस," मॅडम म्हणाल्या. "ती चूक आहे. चुका इथे रोज होतात, मीही केल्या आहेत. त्याच्याबद्दल मी विचारत नाही. अकरा दिवस तू खोटं सांगितलंस. तुला असं सांगायला कोणी सांगितलं होतं का?"

"नाही मॅडम."

 आता बोल, असं सुपडूचं मन म्हणालं. तोंड उघडेना.

"नीट आठव. घाबरलेली होतीस. कोणाला फोन केला होतास का?"

"नाही. माझं मीच बोलले."

 मॅडमनी मान सुपडूकडे वळवली. "काका, तुम्हाला काही सांगायचंय?"

एवढं सरळ विचारलं होतं. खोलीत पंखा फिरत होता, बाहेर कोणीतरी पाण्याची मोटर चालू केली होती. सुपडूला वाटलं, आपण कबूल केलं तर हे लोक आपल्यालाच पोलिसात देतील. पोरीचं तर गेलंच, वर बापही गेला. त्याला वाटलं, सगळ्यांना कळेल, स्टँडवर, भावांना. त्याला असंही वाटलं की साहेबासमोर कबूल केलेला माणूस आपण आजवर पाहिलेला नाही. आणि त्याच्या तोंडून निघालं, "नही मॅडम. पोर लहान शे. मोठ्या मनाने तिला माफ करा."

ललित सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. रुपाने मान वर केली नाही. मॅडमनी कागद फाइलमध्ये घातला, आणि आठवड्याने पत्र आलं की रुपा सुपडू पाटील हिचं प्रशिक्षण थांबवण्यात येत आहे. कारण: जाणूनबुजून व स्वतःहून खोटी माहिती देणे.

मॅडमना भेटून घरी येताना रुपा जीपमध्ये मागच्या सीटवर बसली होती. सुपडूने आरशातून दोनदा पाहिलं. ती रडत नव्हती, शेताकडे बघत होती. त्याने मनात वाक्य जुळवलं, प्रकाशा गावाजवळचा तापीचा पूल आला, वाक्य मोडलं, पुन्हा जुळवलं, तोवर गाव आलं.

प्रमिलाबाईला त्या फोनचं काहीच माहीत नव्हतं. ती बिचारी आईसारखं बोलली. भाकरी थापता थापता म्हणायची, "चूक व्हयनी ते व्हयनी. पन खोटं काबर बोलनी तू? आपला घरमा कोनी शिकाडं तुले खोटं बोलानं?" रुपा ताटात वरण वाढत राहायची. सुपडू समोर बसून तीच भाकरी खायचा. एकदा नाही, दहादा हे झालं. दहाही वेळा तो पाणी मागून उठला. खाई त्याला खवखवे म्हणतात. 

दुसऱ्या कुठल्या शाळेत जावं तर तिथली फी म्हणजे भावांसकट सगळी जमीन, आणि पहिला प्रश्न हाच की आधीच्या शाळेतून का काढलं. रुपा शहाद्याला एका क्लासमध्ये नववी-दहावीचं गणित शिकवायला लागली. सकाळच्या एसटीने जाते, संध्याकाळच्या एसटीने येते. बापाची जीप त्याच रस्त्याने जाते, पण ती एसटीने जाते. आठवड्यातून दोन-चारदा ते पांढरं विमान गावावरून जातं. आवाज जवळजवळ नसतोच. वर बघणाऱ्यालाच ते दिसतं. प्रमिलाबाई बघते, शेजारची पोरं बघतात. रुपा त्या वेळी नेमकी घरात काहीतरी शोधत असते.

जूनमध्ये तळोद्याहून एक स्थळ आलं. चांगली माणसं होती, पोहे खाल्ले, रुपाशी बोलली, हसली. दोन दिवसांनी मध्यस्थाचा निरोप आला: पोरगी शिकलेली आहे, रूपाने चांगली आहे, पण खोटं बोलून काढलेली आहे म्हणतात, तेव्हा राहू द्या. थोरल्या भावाने हा निरोप ओसरीवर मोठ्याने वाचून दाखवला. स्थळ मोडल्याचं कोणालाच फार वाईट वाटलं नाही, रुपाला तर नाहीच. पण ‘खोटं बोलून काढलेली’ हे चार माणसांत आपल्या पोरीचं नाव झालेलं सुपडूने पहिल्यांदा कानाने ऐकलं. ज्या पोरीने लहानपणी शेजारच्या झाडाची चिंचसुद्धा विचारून घेतली, तिचं हे नाव. आणि ते दिलं कोणी? दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने जीप स्टँडवर न नेता सरळ माळाकडे वळवली.

कॅप्टन मॅडमनी त्याला ओळखलं. बसा म्हणाल्या. सुपडू बसला नाही. उभ्यानेच, अहिराणी आणि मराठीची खिचडी करत, त्याने सगळं सांगितलं: घाट, किल्ली, हरभऱ्याच्या शेतातला फोन, पाचव्या दिवशीचा फोन. पोर खरं सांगणार होती, मीच तिला गप्प केलं. पोलिसात द्यायचं तर मला द्या. मला आत टाका, पण तिला परत घ्या.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. 

"काका, मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "म्हणून तर तीनदा विचारलं. एकोणीस वर्षांची पोरगी घाबरून बापाला फोन करते आणि बाप सांगतो तसं बोलते, हे मला वर लिहून पाठवता आलं असतं. तीन महिने तिला जमिनीवर ठेवलं असतं आणि परत घेतलं असतं. पण तुम्ही दोघंही नाही म्हणालात. मग मला लिहावं लागलं, स्वतःहून. ज्या माणसाने अकरा दिवस स्वतःहून, विचार करून खोटं सांगितलं, त्याच्या हाती मी विमान देऊ शकत नाही. कोणीच देणार नाही."

"आते सांगं ना मी," सुपडू म्हणाला. "आते ते लिहा."

"फाइल फेब्रुवारीत वर गेली. तिच्या जागी एप्रिलमध्ये दुसरा मुलगा आला. आता तुम्ही सांगताय ते खरं आहे हे मला कळतंय, काका. पण वरच्या लोकांना ती पाच महिन्यांनी जुळवून आणलेली गोष्ट वाटेल."

वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. सुपडूने हात जोडले, पायतण घातलं. बाहेर शेडमध्ये ललित सर एका मुलाला विमानाच्या पंखाखाली वाकून काहीतरी दाखवत होते. त्यांनी सुपडूकडे पाहून मान हलवली. सुपडूला ओळख दाखवायची हिंमत झाली नाही. त्या दिवशी त्याने जीप सरळ घरी आणली. फत्तेसिंगचा दोनदा फोन आला, गाडी कुठंय म्हणून, त्याने उचलला नाही.

संध्याकाळी रुपा ओट्यावर बसून चाचणीचे पेपर तपासत होती. प्रमिलाबाई दळण आणायला गेली होती. सुपडू ओट्याच्या खाली अंगणात उभा राहिला. बसायचं तर लेकीच्या बरोबरीने बसावं लागेल, ते त्याला जमेना.

"मी आज शाळामा गयतू," तो म्हणाला. "मॅडमले बठ्ठं सांगं. फोनवर मीच शिकाडं तुले."

रुपाचा लाल पेन थांबला. "काय म्हनन्यात मॅडम?"

"आते काही व्हवाव नही म्हनन्यात. तवय बोलतात ते व्हतं, म्हने."

रुपाने मान हलवली. जणू तिला हे उत्तर फेब्रुवारीपासून माहीत होतं.

"माय, तू काबर नाव नही लिधं मन्हं?" सुपडूने विचारलं. "त्या तीनदा इचारी ऱ्हायन्या व्हत्या. तू एकदाबी मन्हाकडे देखं नही."

"देखती ते तुमले बोलनं पडतं, आबा," ती म्हणाली. ती चिडलेली नव्हती, हे सुपडूला सगळ्यात जड गेलं. "मन्हामुळे बोलनं पडनं, असं व्हवाले नको व्हतं माले. माले वाटनं, मी नही देखं तरी तुम्हीन बोलशात."

एवढं बोलून तिने पुढचा पेपर ओढला आणि पहिल्या गणितावर बरोबरची खूण केली. सुपडू अंगणात तसाच उभा राहिला.